सुतळीच्या नावावर

१२ फेब्रुवारी

वहिनी,

दादासमोर उघडावं लागू नये म्हणून हे पत्र घरी न पाठवता तुझ्या चष्म्याच्या दुकानाच्या पत्त्यावर पाठवतेय. शिक्षा झालेल्या खेळाडूशी महिनाभर पंचानं फोनवर बोलायचं नाही, जे काय ते लेखी, असा आपल्या संघटनेचा नियम आहे. तो मीच केला होता. तेव्हा काय माहीत, माझ्याच गळ्यात पडेल!

निकाल तू वाचला असशीलच. 'सुतळी' या नावानं खेळणाऱ्या खेळाडूला, म्हणजे तुला, तीन महिने बंदी. खाली माझं नाव. नात्यानं तू माझी वहिनी, म्हणून हात आखडता घेतला असं कुणी म्हणू नये यासाठी मी रेकॉर्डिंग चारदा पाहिलं.

रविवारी कॉम्प्युटरवर तुमचा सामना होता, चार विमानांविरुद्ध चार विमानं. सुतळी पहिल्या पाच मिनिटांतच पलीकडच्या संघाच्या धावपट्टीवर जाऊन घिरट्या घालायला लागली. जो उडायला बघेल त्याला टिपायचं. त्यात सापडले माळीकाका. शाळेच्या बागेत माळी आहेत, साठी ओलांडलीय, आयुष्यातला पहिला सामना. त्यांचं विमान पेटलं, त्यांनी पॅराशूटनं उडी मारली, आणि सुतळीनं मागे वळून त्या लोंबकळत्या माणसावर गोळ्या झाडल्या. एकदा नाही, दोनदा, नवं विमान घेऊन ते परत आले तेव्हाही. तिसऱ्या वेळी तर त्यांच्या विमानाची चाकं अजून जमिनीवर होती. त्यानंतर ते खेळ सोडून गेले. तक्रार तीन ओळींची आहे, आणि तिच्यात एकही वाईट शब्द नाही. त्यानंच जास्त लागलं.

आपले नियम इनमीन तीन. पॅराशूटवर गोळी नाही. धावपट्टीवर टपून बसायचं नाही. दुसऱ्याच्या नावानं खेळायचं नाही. आमच्या प्रेसमधले लोक मला हसतात. म्हणतात, चाळिशी उलटलेल्या बायका कॉम्प्युटरवर विमानं उडवतात, खोटी विमानं, खोट्या गोळ्या, त्यात कसली आलीय सभ्यता? मी सांगते, पलीकडे खुर्चीत बसलेला माणूस तर खराच असतो ना.

हे तुला सांगायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. नवीन माणसांना उडवायला शिकवणारी तू. तुला झालंय तरी काय?

अपील करायचं असेल तर महिन्याभरात कर.

तुझी,
(आणि नाइलाजानं पंच)

१८ फेब्रुवारी

वन्सं,

एरवी मी तुला 'तू' म्हणते. पण पंचांना 'तू' म्हणत नाहीत, म्हणून आज 'तुम्ही'.

बंदी मान्य आहे. अपील करायचं नाही. त्या दिवशी माझं डोकं फिरलं होतं, दुसरं काही नाही. माणसाचं फिरतं कधी कधी. माळीकाकांना नदीवर पाडलं, त्याचं मला वाईट वाटतं, हे तुमच्या वहीत लिहून ठेवा.

पण 'तुला झालंय तरी काय' हे नका विचारू. काय व्हायचं राहिलंय? तुमचे दादा लिफ्ट दुरुस्त करताना हात चेंगरून घेऊन घरी बसले त्याला अकरा महिने झाले. मी सकाळी नऊला दुकानाच्या मागच्या खोलीत शिरते ते संध्याकाळी सातला काचेची भुकटी झटकत बाहेर येते. घरी आले की हे खिडकीशी. आज काय झालं विचारलं की "काय होणार?" हातानं नीट होईना म्हणून यांनी 'कप्तान' नावानं खेळणं दोन महिने थांबवलंय. संघातले रोज विचारतात, कप्तान कधी येणार? मी म्हणते, डॉक्टर सांगतील तेव्हा. अशात एखादा रविवार वाईट गेला माझा, तर गेला.

तुमचा नवा चष्मा सोबत पाठवतेय. डावा नंबर वाढलाय. प्रुफं जरा लांब धरून वाचत जा.

तुमची वहिनी

२६ फेब्रुवारी

वहिनी,

चष्मा छान बसला. त्यानंच घोळ केला.

आधी तुझ्या पत्रावर मी इतकी चिडले की फाडणार होते. साधी माफी नाही, वर मलाच उपदेश. चोराच्या उलट्या बोंबा, असं म्हणून मी ते बाजूला फेकलं. मग राहवेना म्हणून पुन्हा वाचलं. माळीकाकांना नदीवर पाडलं, असं तू लिहिलंयस. अगं, त्या सामन्यात नदी नव्हतीच. वाळवंटाचा नकाशा होता.

मग मी रेकॉर्डिंग पाचव्यांदा लावलं. त्या दिवशी सुतळीचा माईक बंद, संघाला सगळे निरोप टाइप करून. त्यात 'निघा' हा शब्द तीनदा आलाय आणि तिन्ही वेळा 'नीघा' असा लिहिलाय. माझा धंदाच प्रुफं तपासायचा, त्यामुळे चूक दिसली की मला ती कुणाची हेही दिसतं. 'निघा'ला 'नीघा' लिहिणारा माणूस आपल्या घरात एकच आहे. चौथीत असताना मी त्याची वही सुधारून द्यायचे, आणि तो माझ्याहून तीन वर्षांनी मोठा होता.

एवढ्यावरही मी गप्प बसले असते. पण चष्म्याच्या डबीत तुमच्या दुकानाची चिठ्ठी होती. काच घासून तपासली, रविवार ९ फेब्रुवारी, दुपारी चार वाजून दहा मिनिटं, खाली तुझी सही. सामना चारला सुरू झाला होता.

तू नव्हतीस तिथे. कोण होतं ते मला लिहायला लावू नकोस. तू सांग.

तुझी

३ मार्च

वन्सं,

तुझ्यापासून काही लपवणं म्हणजे मांजराच्या पुढ्यात दूध झाकणं.

हो, हे होते.

त्या रविवारी मालकानं अचानक बोलावलं, कुणाच्या तरी काचा तातडीनं हव्या होत्या. त्यातच तुझीही उरकून टाकली. मी संघाला कळवायला गेले की आज मला जमणार नाही, तर हे म्हणाले, "राहू दे, मी सांगतो." सांगितलं नाही. माझ्या खुर्चीत बसले, माझं नाव घातलं आणि खेळले. कप्तान म्हणून खेळले असते तर हरताना सगळ्यांनी पाहिलं असतं. त्याआधीचे तीन सामने हे पहिल्या दोन मिनिटांत पडले होते, आणि संघात कुजबुज सुरू झाली होती, नवा कप्तान बघावा म्हणून. खरं कारण ते होतं, डॉक्टर वगैरे काही नाही.

मी घरी आले तेव्हा उजवा हात मांडीवर घेऊन बसले होते. अंगठा आणि दोन बोटं अजून वळत नाहीत त्यांची. म्हणाले, "समोरासमोर एकही पडेना गं. सगळे माझ्या मागे. मग मी धावपट्टीवर गेलो." मी विचारलं, "आणि पॅराशूट?" मग म्हणाले, "निदान ते तरी हलत नव्हतं."

मला इतका राग आला, आणि इतकी कीवही आली, की दोन्हींतलं एकही धड करता येईना. कुकर लावला.

तुझा निकाल आला तेव्हा मीच यांना म्हटलं, गप्प बसा, मी बघते. म्हणून तुला ते खोटं पत्र लिहिलं. या माणसाकडे आता 'कप्तान' एवढंच उरलंय. ते काढून घेतलं तर मग खिडकी. तूही गप्प बस. तुझा सख्खा भाऊ आहे.

तुझी वहिनी

१० मार्च

वहिनी,

तीन दिवस हे पत्र लिहितेय आणि खोडतेय.

नियमानं मला काय करायला हवं ते तुला माहीत आहे, मलाही. पण तू स्वतःच मान्य केलंयस, अपीलही केलं नाहीस. कागदावर प्रकरण संपलंय. तीन महिन्यांचा तर प्रश्न आहे, त्यातला एक सरला. तुला दुकानात कामही आहे. मेपासून तू पुन्हा खेळू लागशील आणि लोक विसरून जातील. लोक विसरतातच. दादाला मात्र हे सहन होणार नाही. लहानपणी गोट्यांत हरला तरी दोन दिवस जेवायचा नाही तो.

तेव्हा असं करू. निकाल आहे तसा राहू दे. तू त्याच्याकडून एवढं कबूल करून घे की पुन्हा तुझ्या नावाला हात लावायचा नाही. आणि माळीकाकांना मी पंच म्हणून एक चांगलं पत्र लिहीन, झालं त्याबद्दल खेद वगैरे.

मला माहीत आहे तू समजून घेशील. तूच तर म्हणालीस, गप्प बस.

तुझी

१७ मार्च

वन्सं,

मी म्हणाले होते, हो. आणि तू इतक्या चटकन ऐकशील असं वाटलं नव्हतं.

नवऱ्याचा दोष मी आपल्या पदरात घेतला, तो माझा मूर्खपणा. त्यात मी माझंच नाव घालवत होते. पण तू? तू पंच. तुला ठाऊक आहे की शिक्षा चुकीच्या माणसाला झालीय आणि तू मला लिहितेस, लोक विसरतात! परक्याचा कुणी असता तर त्याला तू सहा महिने घरी बसवलं असतंस आणि वर चार ओळी सुनावल्या असत्यास. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. इतकी वर्षं ही म्हण मी तुझ्याच तोंडून ऐकत आले.

बरं, तुझं पत्र आलं त्याच दिवशी आणखी एक आलं. माळीकाकांचं. संघटनेच्या पेटीत टाकलेलं होतं, तिथून मला मिळालं. जसंच्या तसं उतरवतेय.

"सुतळीताई, जानेवारीत तुम्ही मला चार संध्याकाळी विमान उतरवायला शिकवलंत. माझं सतरा वेळा आपटलं, तरी तुम्ही एकदाही चिडला नाहीत. त्या दिवशी समोर तुमचं नाव दिसलं तेव्हा मला वाटलं, गंमत करतायत. म्हणून मी पळालो नाही. माझं काही चुकलं होतं का, एवढंच कळवा. मी खेळाचं सगळं सामान नातेवाइकांना देऊन टाकलंय, परत येणार नाही. पण चुकलं असेल तर कळायला हवं."

वन्सं, त्यांनी मला पाहिलं म्हणून ते पळाले नाहीत. हे मी दुकानात वाचलं, चाकावर काच तशीच राहिली आणि तडकली.

घरी येऊन मी ते यांच्यासमोर ठेवलं. यांनी वाचलं, घडी घातली.

"मग?" म्हणाले.

"मग काय? मी खरं सांगणार."

"तीन महिने नाही खेळलीस तर काय आभाळ कोसळतंय?"

"माझं नाही कोसळत. त्यांना काय लिहू? तुमचं चुकलं म्हणून लिहू?"

"लिही काहीतरी. तू गोड लिहितेस."

मग मी जे बोलले ते वर्षभरात बोलले नव्हते. भिंतीपलीकडच्यांनी टीव्ही बंद केला, ऐकायला. हे म्हणाले, "कप्तानचं नाव जाईल."

"आणि सुतळीचं गेलं ते?"

"सुतळी म्हणजे काय परकी आहे? घरातलंच नाव होतं. घरातल्या घरात घेतलं."

घरातल्या घरात! जशी काही वाटी घेतली मांडणीवरून. ते नाव मी कमावलं होतं, वन्सं. दुकानात मी 'मागच्या खोलीतली', घरी मी कुणाची बायको, कुणाची वहिनी. एका ठिकाणी मी सुतळी होते आणि तिथे लोक माझ्यावर विश्वास टाकून पाठ फिरवायचे.

हे माझं अपील. महिन्याच्या मुदतीला पाच दिवस उशीर झालाय, तो तुझ्या-माझ्या शहाणपणानं झाला. चिठ्ठीची दुकानातली नक्कल सोबत जोडलीय. आता तू काय करतेस ते बघते.

वहिनी

२४ मार्च

वहिनी,

केलं. आज दुपारी नवा निकाल लावला. सुतळीची बंदी रद्द. कप्तानला सहा महिने, दुसऱ्याच्या नावानं खेळल्याबद्दल आणि बाकीच्या दोन्हींबद्दल.

निकालात मी आणखी एक परिच्छेद घातला. पंचाला हे सव्वीस फेब्रुवारीलाच कळलं होतं आणि नात्यामुळे तिनं ते दडपायचा प्रयत्न केला, असा. त्याखाली राजीनामा. संघटनेतल्या दोघांनी फोन करून सांगितलं, एवढं कशाला लिहायचं, कुणाला कळलंही नसतं. मी म्हटलं, तेच तर.

तुझं पत्र वाचून दोन दिवस मला तुझा राग होता. 'बाब्या' शब्दापायी तर प्रेसमध्ये एका शालेय पुस्तकाच्या प्रुफात मी तीन चुका सोडल्या. पण तू एक अक्षरही खोटं लिहिलं नव्हतंस, त्यामुळे रागाला टेकायला जागाच मिळेना.

माळीकाकांना निकालाची प्रत पाठवलीय. बाकी तू लिही.

दादाला मी फोन केला नाही. हिंमत झाली नाही. तो कसा आहे?

तुझी

११ एप्रिल

वन्सं,

कसे असणार? ताट समोर ठेवलं की जेवतात. निकाल वाचला त्या दिवशी दुपारी बाहेर गेले ते अंधार पडल्यावर परत आले, कुठे होते विचारलं तर "चालत होतो." संघानं नवा कप्तान निवडला. तो चांगला आहे, तेच जास्त वाईट.

मला वाटलं होतं माझं नाव धुऊन निघालं की मोकळं वाटेल. कसलं काय! परवा खेळले तर संघातला एक म्हणतो, घरचं भांडण चव्हाट्यावर कशाला आणायचं? दुसरा म्हणतो, ताई, तुम्ही आधीच सांगायचं होतं. दोघांचंही ऐकून घेतलं. आठ मिनिटांत पडले.

माळीकाकांचं उत्तर आलं. "बरं झालं, तुम्ही नव्हतात." एवढंच. चार दिवसांनी सरावाच्या मैदानात दिसले, पुतणीकडून सामान परत मागून घेतलं म्हणे. पण मागे कुणाचंही विमान आलं, अगदी माझं आलं, तरी ते खेळ सोडून निघून जातात. मी काल संध्याकाळी लांबून, त्यांना दिसेन अशी उडत राहिले. ते वीस मिनिटं टिकले.

यांनीही त्यांना पत्र लिहिलंय. मला दाखवलं नाही. टपालपेटीपर्यंत स्वतः गेले. उत्तर नाही अजून.

तुला लिहायला सांगितलं तर म्हणाले, "ती पंच आहे. पंचाला काय लिहायचं?" मी म्हटलं, "होती."

तुझी वहिनी

२ मे

ताई,

तू धाकटी असून मी तुला ताई म्हणतो, कारण लहानपणापासून तू मला शहाणपण शिकवत आलीस. हे पत्र डाव्या हातानं लिहितोय. अक्षर वाचता आलं नाही तर नवा चष्मा लाव. चुका दिसतील. लाल पेन घेऊन बस.

निकालाबद्दल माझी तक्रार नाही. मी माळीकाकांवर गोळ्या झाडल्या. पहिल्यांदा झाडल्या तेव्हा वाटलं, चला, एक तरी पडला. दुसऱ्यांदा झाडल्या तेव्हा आपण काय करतोय ते मला कळत होतं, तरी केलं. तिसऱ्यांदाचं मला सांगता येत नाही. त्यांना तसंच लिहिलं. त्यांचं उत्तर काल आलं. लिहितात, "पत्र पोचलं. तुमच्याशी खेळणार नाही. हाताची काळजी घ्या." मी ते पाकीट दिवसभर खिशात घेऊन फिरलो. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तुझ्या वहिनीचं नाव मी घेतलं, त्याबद्दल तिच्याशी माझं बोलणं झालंय. ते तुला सांगणार नाही. ती अजून रागावलेली आहे, आणि असू दे. रविवारी ती खेळायला बसली की मी बाहेर जातो. मला तिचा आवाज ऐकवत नाही, आणि तिला मी मागे उभा असलेला चालत नाही.

सोमवारपासून पुन्हा हाताच्या व्यायामाला जातोय. जानेवारीतच बंद केला होता. घरी खोटं सांगत होतो.

आता तुझं. तू रेकॉर्डिंग पाच वेळा पाहिलंस. माझं शुद्धलेखन ओळखलंस. चिठ्ठीवरची वेळ पाहिलीस. वहिनीला पत्रं लिहिलीस, एकदा मला वाचवायला, एकदा मला पकडायला. संघटनेला लिहिलंस, माळीकाकांना लिहिलंस. तीन महिने झाले. या सगळ्यात एकदाही तू मला विचारलं नाहीस, दादा, तू होतास का?

मी खोटं बोललो असतो. बहुतेक बोललोच असतो.

तरी विचारायचं होतंस.

दादा